नांदूरमध्यमेश्वरची दुर्बीण घेऊन अगत्तीला: प्रवाळ बेटावरचा एक दिवस

गोदाकाठची_ढोकरी

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते. स्टेशनमागे घर असल्यामुळे तिची घोषणा मी निदान वीस वर्षं ऐकतोय. गाडी काही लक्षद्वीपला जात नाही, एर्नाकुलमला संपते, पण नाव ऐकलं की दर वेळी बायको म्हणायची, "एकदा बसू या की हिच्यात." या फेब्रुवारीत बसलो. एक अख्खा दिवस आणि वर काही तास रेल्वे, मग कोचीहून लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर दीडेक तासाचं छोटं विमान. अगत्तीची धावपट्टी म्हणजे बेटाच्या दक्षिणेकडची शेपटी. उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसतं. बायकोने माझा हात धरला तो विमान थांबल्यावरच सोडला.

सगळ्या सहलीचं सांगत बसत नाही. एकाच दिवसाचं सांगतो, कारण बाकीचे दिवस मी पर्यटक होतो आणि त्या दिवशी पाखरं बघणारा माणूस होतो.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती. इथल्या बेटांची रचना ठरलेली आहे. पश्चिमेला उथळ, शांत, पोपटी पाण्याचं लगून आणि त्यापलीकडे लाटा फोडणारी प्रवाळाची कड. पूर्वेला मात्र ती कड किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेली. म्हणून ओहोटीला पूर्वेकडे जायचं आणि भरतीला पश्चिमेकडे. हे मला होमस्टेवाल्याने पहिल्याच दिवशी मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, मी ते तिसऱ्या दिवशी ऐकलं.

उजाडताना पूर्वेच्या खडकावर पोचलो तर पाणी सरून लहान लहान डबकी उरली होती. पहिली दहा मिनिटं काही दिसेना. मग आमच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात मचाणावर करतो तेच केलं, एका जागी बसलो. आणि डबकं हलायला लागलं. जे शंख वाटत होते त्यातले निम्मे चालायला लागले, आत खेकडे. दोरीचा तुकडा वाटला ती समुद्रकाकडी. काळ्या-काळ्या, वीतभर, आमच्याकडच्या वाळलेल्या दोडक्यासारख्या. त्या वाळू गिळतात, तिच्यातलं खाण्यासारखं ते खातात आणि धुतलेली वाळू मागून सोडतात. 2001 पासून त्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आपल्या वाघाच्या पंगतीत. आणि तरी चोरून पकडल्या जातात, कारण पूर्व आशियात त्यांना भरपूर भाव मिळतो.

एका कपारीत ऑक्टोपस होता. मला तो दिसला नाही. मला दिसला तो एक डोळा. बाकी सगळा दगड. बघता बघता दगडाचा रंग बदलला आणि "दगड" दुसऱ्या कपारीत सरकला.

पक्षी: टर्नस्टोनचा पंधरावीसचा थवा, नावाप्रमाणे खरोखर दगड उलटत होता. चोचीने प्रवाळाचा तुकडा उचकटायचा, खालचं काहीतरी टिपायचं, पुढे. एक व्हिंब्रेल. दोन जातींचे बगळे, एक पांढरा आणि एक पाटीसारखा काळसर. आणि पाण्याच्या कडेला पांढरेशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, जाड काळी चोच असलेले सात पक्षी. पुस्तक उघडलं आणि हात थरथरले. क्रॅब प्लोव्हर.

इथे एक चूक केली ती पण लिहून ठेवतो. त्यांच्याकडे बघत मागे सरकलो आणि पाय जिवंत प्रवाळावर पडला. चपलेच्या कडेने घोटा खरचटला. होमस्टेवाला माझ्या पायाकडे बघून काही बोलला नाही. खाली वाकला आणि तुटलेली फांदी दाखवली. करंगळीएवढी. या फांद्यांच्या जातीचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, दगडी गोळ्यांसारखं वाढणारं तर सेंटिमीटरभरच. माझी जखम आठ दिवस चिघळली, पण त्या फांदीचा हिशोब जास्त लांबला असणार.

अकराच्या पुढे भरती. लगूनमध्ये उतरलो. माझा मास्क सारखा गळत होता. कारण शेवटी कळलं: मिशी. रबर मिशीवर बसत नाही. ओठावर थोडं व्हॅसलीन चोपडलं तेव्हा कुठे जमलं. (ज्यांना मिशी प्रिय आहे त्यांनी व्हॅसलीनची डबी न्यावी, हा या धाग्यातला सर्वांत उपयुक्त सल्ला.)

पाण्याखाली डोकं घातल्यावर पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. कुरकुर, कटकट, कोणीतरी सुपारी कातरत असल्यासारखी. पॅरटफिश. पोपटासारख्या चोचीने प्रवाळावरचं शेवाळ खरवडतात, बरोबर दगडही जातो, पोटात त्याचं पीठ होतं आणि मागून पांढरी वाळू. मी दहा मिनिटांत चार वेळा तो धुराळा पाहिला. मोठा पॅरटफिश वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या किनाऱ्यावर आम्ही टॉवेल अंथरून नारळपाणी पीत होतो तो बराचसा माशांच्या पोटातून आलेला आहे, हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने टॉवेल झटकला.

शिंपल्यांचे मोठे भाऊ, म्हणजे जायंट क्लॅम, दगडात रुतून बसलेले, ओठ निळे-जांभळे. आपली सावली पडली की मिटतात. समुद्रफुलात, म्हणजे दगडाला चिकटलेल्या फुलासारख्या प्राण्यात, क्लाउनफिश. त्यांच्या घरात सत्ता मादीची; ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो. आणि एक स्टेशन असतं, तिथे मोठे मासे तोंड उघडून उभे राहतात आणि निळ्या पट्ट्याचा बोटभर रास नावाचा मासा आत शिरून दात साफ करतो. शालिमारच्या न्हाव्याकडे रविवारी असते तशी रांग होती.

पण निम्मं प्रवाळ मेलेलं होतं. हे लिहिलं नाही तर खोटं होईल. रंगीत कोपरा संपला की करड्या, शेवाळलेल्या फांद्यांचा खच. 1998, 2010, 2016 आणि परत 2024 ला पाणी तापलं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाददोन अंश जास्त आणि तेही आठवडेच्या आठवडे तापलेलं राहिलं की प्रवाळाच्या अंगात राहणारं, त्याला अन्न पुरवणारं शैवाल बाहेर टाकलं जातं. प्रवाळ पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं.

कासवं मात्र बायकोने पाहिली. तिला पोहता येत नाही. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि ओरडली, "अहो, हा दगड श्वास घेतोय!" हिरवं समुद्री कासव. मग एकामागून एक. गवत खायचं, काही मिनिटांनी वर येऊन फुस्स करायचं, परत खाली. संध्याकाळपर्यंत आम्ही सतरा मोजली. मी खूष होतो. जेवताना होमस्टेवाल्याला सांगितलं, सतरा!

तो हसला नाही. म्हणाला, तुम्ही गवत पाहिलंत का?

त्याने सांगितलं ते असं. पूर्वी इथे कासवं मारायचे, त्यांचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडायचे. 1972 च्या कायद्यानंतर ते थांबलं. समुद्रात त्यांना खाणारे मोठे शार्कही कमी झाले. कासवं वाढली, इतकी की अगत्तीच्या लगूनमधलं समुद्रगवत फस्त झालं. त्या गवतात लहान मासे वाढायचे, ते कमी झाले. कोळी कासवांवर चिडले. मग गवतच उरलं नाही तेव्हा कासवं शेजारच्या बेटांच्या लगूनमध्ये गेली, तिथे तीच गोष्ट सुरू झाली. "तुम्ही सतरा बघून खूष. माझा बाप शेकडो बघून शिव्या द्यायचा." मग त्याने भाताबरोबर टूनाचं कालवण वाढलं आणि विषय बदलला.

मी अजून त्याच वाक्यावर अडकलोय. म्हणून धागा.

सिडकोची_सई

काका, मस्त लिहिलंय. तीन प्रश्न. 1) काकूंसारखं पोहता न येणाऱ्यांना काही दिसतं का खरंच? 2) परवाना कसा काढला? 3) आई पूर्ण शाकाहारी आहे, तिचं काय?

गोदाकाठची_ढोकरी

सई, दिसतं. लगून कमरेएवढं उथळ आहे आणि लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगायचं असतं, पोहायचं नसतंच. उलट पोहणारे लोक हातपाय मारून सगळं पळवून लावतात. हिने दुसऱ्या दिवशी जॅकेट घालून तोंड पाण्यात घातलं आणि मग तिला बाहेर काढायला मला अर्धा तास लागला. काचेच्या तळाची होडीही असते, पण तिच्यातून कसं, एसटीच्या खिडकीतून सप्तशृंगगड बघितल्यासारखं.

परवाना लागतोच, भारतीयांनाही. आम्ही आधी एका एजंटाला पैसे दिले, त्याने तीन आठवडे "होतंय होतंय" केलं. शेवटी होमस्टेवाल्यानेच कागद मागवून करून दिला. तेव्हा आधी राहायची जागा, मग परवाना, मग तिकीट, याच क्रमाने. उलटं करू नका.

आईंसाठी: भात, नारळ, केळी, पपई मिळते. भाजी सगळी कोचीहून येते, बोट चुकली तर बटाटा. इथून मेतकूट, चटणी, थालीपीठाची भाजणी न्या. आम्ही न्यायला विसरलो आणि चौथ्या दिवशी भांडलो.

चापडगाव_मचाण

क्रॅब प्लोव्हर??? सात??? आणि धाग्यात एकही फोटो नाही???

मी तेरा वर्षं बघतोय, अजून माझ्या यादीत नाही तो. सगळ्यांसाठी सांगतो, वेडर मंडळींत (उथळ पाण्यात चालत चरणारे किनारी पक्षी) हा एकटाच असा आहे की वाळूत बीळ खणून आत अंडं घालतो. आखाताकडच्या तापत्या किनाऱ्यांवर वीण करतो. उन्हाने तापलेली वाळूच अंडं उबवायला मदत करते, त्यामुळे आईबापाला सतत बसून राहावं लागत नाही. थंडीत आपल्याकडे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला येतो.

आता एक दुरुस्ती, रागावू नका. तुम्ही "दोन जातींचे बगळे" लिहिलंय. पांढरा आणि पाटीच्या रंगाचा, दोन्ही समुद्री बगळाच असणार. वेस्टर्न रीफ हेरॉन दोन रंगांत येतो, एकाच घरट्यातही दोन्ही निघू शकतात. पाय पाहिलेत का? काळसर पाय आणि पिवळी बोटं असतील तर तोच.

गोदाकाठची_ढोकरी

मोबाइलच्या प्लास्टिक पिशवीत वाफ धरली. सगळे फोटो मोतीबिंदू झाल्यासारखे. एकात सात पांढरे ठिपके आहेत, तुम्हाला पाठवतो, मोजून घ्या.

बगळ्यांचं मान्य. पिवळी बोटं पाहिली होती, दोन्हींची, आणि तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. वर बदलत नाही, चूक तशीच राहू दे.

पंचवटीची_काकू

छान वर्णन. एक विचारू का, तिकडे पोवळं मिळतं का हो? मुलाला मंगळासाठी घालायला सांगितलंय, इथे फार महाग आहे. तिथे समुद्रातच असेल तर स्वस्त पडेल.

सराफबाजार_जुना

काकू, आमचा धंदाच तो, म्हणून सांगतो. अंगठीतलं लाल पोवळं आणि लक्षद्वीपचं प्रवाळ हे चुलत-चुलत भाऊसुद्धा नव्हेत. लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या खडकावर हळूहळू वाढणारं. इटलीत नेपल्सजवळचं तोर्रे देल ग्रेको हे गाव पिढ्यान् पिढ्या ते कोरतंय, तिथून जगभर जातं. लक्षद्वीपचं प्रवाळ आतून पांढरं, सच्छिद्र, चुनखडीच. त्याची अंगठी केली तर हात धुताना झिजेल. आणि बाजारात स्वस्तात मिळणारं "पोवळं" बहुतेक वेळा रंगवलेलं असतं. ते लिंबूपाण्याचे वगैरे घरगुती प्रयोग करू नका, खरं असलं तरी आम्लाने खराब होतं.

चापडगाव_मचाण

आणि काकू, तिथून प्रवाळाचा तुकडा आणणं हा गुन्हा आहे. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. विमानतळावर बॅगेत सापडला तर अंगठी नाही, बेडी.

पंचवटीची_काकू

अरे देवा. बरं झालं विचारलं. पण मग आमच्या शोकेसमध्ये यांच्या साहेबांनी 1990 च्या सुमारास अंदमानहून आणून दिलेलं मोठं झाडासारखं पांढरं आहे ते काय करू?

गोदाकाठची_ढोकरी

काकू, ते प्रवाळाला कायद्याचं संरक्षण मिळालं त्याच्या आधीचं आहे. कोणाला विकू नका, भेट देऊ नका, आणि मंगळाला दाखवू नका.

मालवणी_नाशिककर

एवढ्या लांब कशाला? आमच्या मालवणला प्रवाळ आहे, 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी स्नॉर्कलिंग करा, वर सोलकढी प्या. मराठी माणसाला घरचं दिसतच नाही.

गोदाकाठची_ढोकरी

मालवणला दोनदा गेलोय, परत जाईन, सोलकढीसाठी तर नक्की. पण खरं सांगू? दोन्ही वेळा हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. मालवणला नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ येतो, आणि प्रवाळाला दोन्ही मानवत नाहीत. तरी तिथे जे टिकलंय त्याचं कौतुकच आहे. लक्षद्वीपला नदीच नाही. एकही. सगळी बेटं मिळून जमीन 32 चौरस किलोमीटर, नदी व्हायला जागा कुठे? म्हणून पाणी काचेसारखं.

काळा_पाषाण

उशिरा आलो. कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ढोकरी, तुम्ही नाशिकहून अगत्तीला गेलात तेव्हा एकाच चुलीच्या दोन भाकऱ्या पाहिल्यात.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड आजच्या रियुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आहे त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत होता. त्या वेळी जो लाव्हा थरांवर थर ओतला गेला तो आपला दख्खनचा काळा पत्थर. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, पांडवलेणी ज्यात कोरली तो डोंगर, सगळं तेच. भूखंड पुढे सरकला, चूल जागच्या जागी. मग पुढची भाकरी समुद्रात पडली: लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस, अशी पाण्याखालची एक लांबलचक डोंगररांग. त्यानंतर मॉरिशस. आणि आता चूल रियुनियनखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून पेटतो. बहुतेक भूशास्त्रज्ञ हाच क्रम मानतात.

लक्षद्वीपचे ते काळे डोंगर हळूहळू खचले, पाण्याखाली गेले. त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिलं, कारण त्याला उजेड हवा असतो; डोंगर जेवढा खाली जातो तेवढं ते वर चढतं. डोंगर बुडून गेला तरी त्याच्या भोवतीचं कडं पृष्ठभागाशी राहतं. हे 1842 मध्ये डार्विनने मांडलं, आणि त्याचा पडताळा शंभरेक वर्षांनी पॅसिफिकमध्ये खोल भोक पाडून घेतला तेव्हा चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला.

म्हणजे तुम्ही ज्या पांढऱ्या वाळूत बसलात तिच्या खूप खाली ब्रह्मगिरीचा भाऊबंद आहे. फक्त त्याच्यावर गोदावरी उगम पावली नाही.

सिडकोची_सई

सर, हे शाळेत असं का नाही शिकवलं!!

निफाडचा_बागायतदार

मी पाखरावाला नाही. पोराने लिंक दाखवली म्हणून वाचलं. द्राक्षांचा खुडा चालू आहे, वेळ नाही, पण त्या होमस्टेवाल्याचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्याकडं बिबट्या तसाच आहे. उसात पिल्लं घालतो. ऊस तोडायला लागलो की मांजराच्या पिल्लावाणी सापडतात. तुम्ही नाशिकहून कॅमेरे घेऊन येता, "किती गोड" म्हणता. आम्ही रात्री मोटार चालू करायला जातो तेव्हा बॅटरी अन् काठी घेऊन जातो. वीज रात्रीचीच असते. बिबट्या ऊस खात नाही, खरं आहे. पण तो तिथं आला कशाला? आम्ही ऊस लावला म्हणून. कालवा आला, ऊस आला, डुकरं आली, कुत्री आली, मागं तो आला. तुमच्या नांदूरमध्यमेश्वरचं पण तेच ना? बंधारा इंग्रजांनी पाण्यासाठी बांधला. गाळ साचला, गवत झालं, पाखरं आली. 2020 ला तुम्ही त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून पाट्या लावल्या. आमच्या लोकांना तो अजून बंधाराच आहे, अन् गाळ काढा म्हणून अर्ज चालूच आहेत.

पाखरं नकोत असं म्हणत नाही. पण तो कोळी बिचारा कासवाला शिव्या देत होता तर त्याला कोणी अडाणी म्हणू नका, एवढंच.

चापडगाव_मचाण

दादा, गाळ काढला तर पाणपक्षी जातील. उथळ पाणी आहे म्हणूनच चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि लांब पायांचे शेकाटे येतात.

निफाडचा_बागायतदार

अन् नाही काढला तर पावसाळ्यात पाणी आमच्या रानात येतं. मी कुठं म्हटलं माझ्याकडं उत्तर आहे?

गोदाकाठची_ढोकरी

दादा, तुम्ही लिहिलंत ते मला लिहिता येत नव्हतं. माझ्यापुरतं सांगतो. नांदूरला मी पंधरा वर्षं जातोय आणि यादीत 160 च्या वर पक्षी आहेत. पण बंधाऱ्याखाली कुणाचं रान बुडतं, गाळाचं काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. चहा मात्र तुमच्याच गावांतून पीत आलो.

त्या होमस्टेवाल्याला शेवटच्या दिवशी मी विचारलं, आता कासवं कमी झाली तर बरं वाटतं का? म्हणाला, गवत थोडं थोडं परत येतंय काही ठिकाणी. मग म्हणाला, कासव नसलेलं लगून पोरांना दाखवायला पण बरं वाटत नाही. दोन्ही एका दमात.

चापडगाव_मचाण

या रविवारी गणना नाही, सहजच जातोय. सकाळी साडेसहा, खानगाव थडीचा मनोरा. ढोकरी, सई, सर, येताय का? पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हिवाळी हंस) अजून आहेत, उन्हं वाढली की जातील.

काळा_पाषाण

येतो. गुडघा दुखतोय, मनोऱ्यावर चढणार नाही, खाली बसेन.

सिडकोची_सई

मी आणि आई. थालीपीठं आणते.

निफाडचा_बागायतदार

मनोऱ्याला मी येत नाही, माल काढायचाय. पण परत जाताना नऊ-साडेनऊला बागेवर थांबा. ढोकरीकाका, रस्ता फोनवर सांगतो, पोराला फाट्यावर उभा करतो. कासवाचे फोटो आणा. वाफ धरलेले असले तरी चालतील.